आरंभशूरतेकडून नेमाकडे

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व प्राथमिक शिक्षक यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नवे काम हाती घेताना मनात उमेद कशी निर्माण व्हावी आणि ते काम पुढे नित्याच्या सवयीचे कसे व्हावे, या विषयावर आज आपल्याशी विचारविनिमय करावयाचा आहे. वरवर पाहता हा विषय ज्याच्या त्याच्या खासगी आयुष्याचा वाटतो. पहाटे उठावे, व्यायाम करावा, दोन पाने वाचावीत, असे संकल्प आपण सर्वच करतो आणि त्यांतील बहुतेक कोठे विरून जातात, हेही आपणांस ठाऊक असते. परंतु आपणापैकी कोणाच्या हाती शाळा आहे, कोणाच्या हाती ग्रामपंचायत आहे, तर कोणाच्या हाती शासनाची एखादी योजना गावापर्यंत पोहोचविण्याचे काम आहे. आपला संकल्प ढासळला, तर त्याची किंमत आपण एकटे मोजीत नाही. सारे गाव मोजते. म्हणून आपल्या दृष्टीने हा सार्वजनिक प्रश्न होय.

आपल्या भाषेत ‘आरंभशूर’ असा एक शब्द आहे. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हणही आहे. समाजाला एखादा अनुभव पुनःपुन्हा आल्याखेरीज त्यासाठी शब्द आणि म्हणी तयार होत नाहीत. वृक्षारोपणाचेच उदाहरण घ्या. वनमहोत्सवाची प्रथा आपल्या देशात १९५० सालापासून चालू आहे. जुलै महिन्यात खड्डे खोदले जातात, रोपे येतात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. पुढल्या मे महिन्यात त्याच जागी गेले, तर अनेक ठिकाणी फलक उभा दिसतो आणि रोपे दिसत नाहीत. रोप लावण्यास पाच मिनिटे लागतात. ते जगविण्यास दोन-तीन उन्हाळे सांभाळावे लागतात. समारंभ त्या पाच मिनिटांचा होतो. उन्हाळ्यात घागरभर पाणी नेऊन घालणारा माणूस मात्र कोणाच्या नजरेत येत नाही.

यात केवळ रोपांचे नुकसान होत नाही. सुरू होऊन बंद पडलेले प्रत्येक काम गावाच्या मनात एक शंका ठेवून जाते. पुढे दुसरा कोणी कार्यकर्ता कळकळीने नवे काम घेऊन आला, की पारावर बसलेली मंडळी म्हणतात, “हेही चार दिवसांचेच.” हा अविश्वास घालविणे पैशाने साध्य होत नाही. म्हणूनच जे चालविता येणार नाही, ते सुरू करण्यापूर्वी दहादा विचार करावा आणि जे सुरू करावयाचे, ते कसे चालेल याची आखणी उद्घाटनाच्या आधी व्हावी.

हुरूप आणि नेम

या विषयात दोन शब्द वेगळे ओळखणे अगत्याचे आहे. एक ‘हुरूप’ आणि दुसरा ‘नेम’. हुरूप ही मनाची भरती आहे. एखादे व्याख्यान ऐकले, एखादे आदर्श गाव पाहिले, की ती येते. आणि भरतीच्या धर्माप्रमाणे ती ओसरतेही. ती ओसरली म्हणजे माणूस आळशी आहे, असे समजण्याचे कारण नाही. नेम ही वेगळी वस्तू आहे. आज मन लागते आहे की नाही, हा प्रश्न नेमाच्या बाबतीत उद्भवतच नाही. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडली, की वारी करावयाची की नाही, याचा दरवर्षी नव्याने खल होत नाही. एकादशी आली, उपवास ठरलेला. आषाढ आला, वाट ठरलेली. ‘नेमधर्म’ हा शब्द आपल्या घराघरांत रुळलेला आहे. सातत्याचे शास्त्र आपणांस कोठून उसने आणावे लागत नाही; ते आपल्या परंपरेत आहे. प्रश्न एवढाच, की देवघरातील हा नेम शाळेत, चावडीवर आणि नळकोंडाळ्यावर कसा आणावयाचा?

माझे म्हणणे थोडक्यात असे की, हुरूप कामाचा आरंभ करून देतो आणि नेम ते काम टिकवतो. तेव्हा हुरूप टिकवून धरण्याच्या खटाटोपात शक्ती घालविण्यापेक्षा, तो अंगात असेपर्यंतच नेमाची व्यवस्था लावून घ्यावी.

उमेद कोठून येते?

तथापि मुळात हुरूपच नसेल, तर काम सुरूच होणार नाही. तो बाहेरून आदेशाने उत्पन्न करता येत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. या बाबतीत गाडगे महाराजांची रीत अभ्यासण्याजोगी आहे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि १९५६ साली देह ठेवलेल्या या महापुरुषाने स्वच्छतेविषयी गावास प्रथम उपदेश केला नाही. गावात पाऊल टाकले, की ते स्वतः खराटा हाती घेत आणि रस्ते झाडू लागत. दिवसा झाडलोट आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनातही ते लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. आधी कृती, मग प्रश्न, मग लोकांचे स्वतःचे उत्तर! महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्या नावाबरोबर ही रीतही आपल्या हाती आलेली आहे.

यातून घ्यावयाचा बोध असा की, लोकांना स्वतःला बोचणाऱ्या गरजेशी काम जोडले गेले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला, की घरोघरी दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल बंद करावयाचे, मुलांनी अभ्यासास बसावयाचे आणि साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत हा क्रम पाळावयाचा. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि पुढे शाळा उघडली, तरी मुलांच्या हातातील मोबाईल सुटेना, ही त्यामागील व्यथा होती. ती प्रत्येक घरातील आईबापांची व्यथा होती. म्हणून हा निर्णय कोणा एकाचा न राहता गावाचा झाला.

आपण एखादी योजना गावात नेतो, तेव्हा तिचे उद्दिष्ट आपल्या कागदावर असते. तेच उद्दिष्ट गावातील कोणत्या घराच्या कोणत्या दुखण्याशी जुळते, हे शोधणे हे पहिले काम होय. ते न करता केलेले प्रबोधन माणसाच्या कानापर्यंत पोहोचते, पुढे जात नाही.

आरंभ लहान असावा

उमेद असते तेव्हा माणूस मोठा संकल्प सोडतो, आणि पुष्कळदा तो मोठा संकल्पच कामाच्या मुळावर येतो. पहिल्या दिवशी साऱ्या गावाची सफाई, पहिल्या महिन्यात साऱ्या वर्गाचे वाचन अस्खलित, अशी उद्दिष्टे ठेवली, की ती न गाठल्याची निराशा पहिल्याच महिन्यात पदरी येते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गोरगरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालविण्यासाठी त्यांनी ज्या मार्गांनी साहाय्य गोळा केले, त्यांत ‘मुष्टिफंड’ हा एक होता. घरच्या बाईने दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे. मूठभर धान्याने कोणाचे घर उपाशी राहत नाही. त्यामुळे ‘आज नको’ असे म्हणण्यास जागा उरत नाही. पण अशा शेकडो मुठी एकत्र आल्या, की वसतिगृहातील मुलांच्या ताटात भाकर पडते. देणाऱ्याला भार वाटू नये इतके लहान आणि मोजताना दिसावे इतके नियमित, हे या योजनेचे मर्म होते.

महिलांच्या बचत गटांची वाटचालही याच पायावर झाली. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम हाती घेतला. दहा ते वीस स्त्रियांचा गट, महिन्याकाठी प्रत्येकीची थोडीशी बचत, एवढ्या लहान आरंभातून देशभरची चळवळ उभी राहिली. या गटांची पंचसूत्री आपणापैकी अनेकांना तोंडपाठ असेल : नियमित बैठक, नियमित बचत, गटांतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाची अद्ययावत नोंद. या पाच सूत्रांत ‘नियमित’ हा शब्द तीनदा आला आहे. रक्कम किती असावी, हे मात्र सूत्रांत कोठेही सांगितलेले नाही. ज्यांनी ही सूत्रे बांधली, त्यांना रकमेपेक्षा नियमिततेचे मोल अधिक कळले होते, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझी सूचना अशी की, वाचनाची गोडी लावावयाची असेल, तर रोज दहा मिनिटांपासून आरंभ करावा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ सालापासून आपल्या राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. प्रेरणेसाठी तो एक दिवस योग्यच आहे. परंतु त्या दिवशी दोन तास वाचून पुढे वर्षभर पुस्तकांचे कपाट बंद राहण्यापेक्षा, १६ ऑक्टोबरपासून रोजची दहा मिनिटे मुलांच्या पदरात अधिक टाकतील.

वेळ ठरलेली, जागा ठरलेली

‘सवड मिळाली की करू’ असे ज्या कामाबद्दल म्हटले जाते, त्या कामाला सवड कधीच मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ साली आपल्या व इतरांच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवून दिले की, ‘मी अमुक करीन’ एवढाच निश्चय करणाऱ्यापेक्षा ‘अमुक प्रसंग आला, की मी अमुक करीन’ अशा शब्दांत केव्हा, कोठे व कसे हे आधीच ठरविणाऱ्याच्या हातून ते काम पार पडण्याचा संभव बराच वाढतो. मनाला दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. तो प्रसंगच कामाची आठवण देतो. वडगावच्या भोंग्याचे सामर्थ्य यातच आहे. सात वाजले, हे कोणी कोणाला सांगण्याची गरज राहिली नाही.

शाळेतील हात धुण्याच्या सवयीचा विचार करा. जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत, हा पाठ मुलांना मुखोद्गत असतो. परंतु साबण कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असेल आणि नळ एकच असेल, तर पाठांतराचा काही उपयोग नाही. ज्या शाळेत मधल्या सुटीची घंटा होताच रांग प्रथम नळाकडे वळते, नळापाशी जाळीत साबण टांगलेला असतो आणि तेथूनच रांग पोषण आहाराच्या पंगतीकडे जाते, तेथे ही सवय मुलांच्या अंगवळणी पडते. वाट अशी आखावी की, त्या वाटेने जाताना योग्य गोष्ट आपोआप घडावी आणि ती टाळावयाची झाल्यास मुद्दाम श्रम घ्यावे लागावेत.

ग्रामपंचायतीलाही हेच लागू आहे. मासिक सभा ‘सोयीनुसार’ न ठेवता महिन्याच्या ठरावीक वारी ठेवली, तर गावकऱ्यांना तो वार आठवडी बाजाराप्रमाणे पाठ होतो. पाण्याच्या टाकीची सफाई, गटारांची पाहणी, पथदिव्यांची तपासणी या कामांनाही असा एकेक वार लावून द्यावा.

किती दिवस लागतात?

एखादी गोष्ट एकवीस दिवस केली की सवय लागते, असे आपण नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात ही गोष्ट इतकी सोपी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींचा बारा आठवडे अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली छापून आले. प्रत्येकाने खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक साधी कृती निवडून ती रोज एका ठरावीक प्रसंगानंतर करावयाची होती. ती कृती अंगवळणी पडण्यास लागणारा काळ माणसामाणसागणिक फार वेगळा निघाला. संशोधकांच्या हिशेबाने तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि त्यातील मध्यम आकडा ६६ दिवसांचा होता. कृती जितकी सोपी, तितकी ती लवकर अंगवळणी पडली.

या अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मध्ये एखाद्या दिवशी खंड पडला, तर सवय लागण्याच्या क्रियेला विशेष बाधा येत नाही, असे त्यात दिसून आले. आपल्याकडे नेमके उलटे घडते. एक दिवस चुकला, की ‘मोडला नेम’ असे म्हणून माणूस सारेच सोडून देतो. सुगीच्या दिवसांत प्रौढ साक्षरता वर्गाची हजेरी घटते, लग्नसराईत बचत गटाची बैठक हुकते, परीक्षेच्या काळात श्रमदान थांबते. हे घडणारच, असे गृहीत धरून आरंभीच ठरवून ठेवावे की, खंड पडल्यावर काम कोणत्या दिवशी, कोणी, कसे पुन्हा सुरू करावयाचे. खंड पडू न देणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. पुन्हा सुरू करणे मात्र बहुधा आपल्या हाती असते.

म्हणून नव्या उपक्रमाचा आढावा पंधरा दिवसांत घेऊन यशापयशाचा निवाडा करू नये. किमान दोन-तीन महिने त्याला द्यावेत. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पेरल्यावर रोज उकरून पाहिले, तर बी रुजत नाही, हे तो जाणतो.

नोंदीचे बळ

नेमाचा सोबती म्हणजे नोंद. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. पर्जन्यछायेतील, दुष्काळाने खंगलेले हे गाव. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास तेथे काम सुरू झाले. श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पाणलोटाची कामे झाली. विहिरींना पाणी आले. येथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते. मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. पाणी आल्यावर ते उधळले जाऊ नये, म्हणून गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पाऊस किती पडला, हे मोजावयाचे. पिण्यासाठी व गुराढोरांसाठी किती पाणी लागेल, ते आधी बाजूला काढावयाचे आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घेता येतील, हे ग्रामसभेत ठरवावयाचे. उसासारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवर आणि शेतीसाठी कूपनलिका खोदण्यावर गावाने बंधने घातली.

पाणलोटाचे काम अनेक गावांत झाले आहे. बांध घातले, ते मातीने भरले, पुन्हा टंचाई आली, असेही अनेक ठिकाणी घडले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण दरवर्षी नेमाने मांडल्या जाणाऱ्या त्या हिशेबात आहे. आकडा भिंतीवर सर्वांसमोर लिहिलेला असला, की ‘आपल्या वाट्याला कमी आले’ ही कुरबूर राहत नाही आणि निर्णय कोणा एकाच्या मर्जीचा वाटत नाही.

आपण कार्यालयांत नोंदी पुष्कळ ठेवतो. परंतु त्या बहुधा वरच्या कार्यालयासाठी असतात. नेम टिकविणारी नोंद काम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. वर्गाच्या भिंतीवरील वाचनाचा तक्ता, गटाच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढील महिन्याची खूण, चावडीवरील फळ्यावर टाकीच्या सफाईची शेवटची तारीख, या साध्या नोंदी होत. पाहणी अहवालापेक्षा त्या अधिक काम करतात. मात्र त्या खऱ्या असल्या पाहिजेत. न झालेल्या कामाची खूण एकदा पडली, की तो तक्ता सर्वांच्या लेखी निर्जीव होतो.

बक्षिसाविषयी थोडे

उत्साह वाढविण्यासाठी आपण बक्षिसे ठेवतो. त्यांचा उपयोग आहे. पण त्यांची मर्यादाही ओळखावी. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांपैकी काहींना ‘चित्र काढलेत तर बक्षीस देऊ’ असे आधी सांगून बक्षीस दिले. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे ती मुले आपखुशीने खेळत असताना पाहिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. जे आनंदासाठी केले जात होते, ते मोबदल्यासाठीचे काम होऊन बसले.

याचा अर्थ गौरव करूच नये, असा नाही. आवड नसलेल्या कामाकडे प्रथम वळविण्यास बक्षीस उपयोगी पडते; गावागावांतील निकोप चुरशीने आपल्या राज्यात पुष्कळ कामे मार्गी लागली आहेत. परंतु तपासणी समिती येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात ते गाव कसे दिसते, ही खरी परीक्षा होय. म्हणून बक्षीस हे कामाचे कारण होऊ देऊ नये. झालेल्या कामाची दखल म्हणून ते यावे. शिक्षकाने एखाद्या मुलाला “काल तू अडखळलेला शब्द आज नीट वाचलास” असे सांगावे, त्याने त्या मुलाला पदकाहून अधिक बळ मिळते; कारण त्याची प्रगती कोणीतरी बारकाईने पाहिली, हे त्याला कळते.

दोष देण्यापूर्वी अडचण शोधावी

सवय लागत नाही, तेव्हा ‘लोकांची मानसिकताच नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. हे विधान आपली सुटका करते. प्रश्न सोडवीत नाही. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालये उभी राहिली. बांधकाम एकदाच होते, वापर मात्र रोज व्हावा लागतो. जेथे शौचालयात सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या दिसल्या, तेथे घरातील माणसांशी शांतपणे बोलल्यास निरनिराळी कारणे निघतात. कोठे पाणी दुरून आणावे लागते. कोठे दाराला कडी नाही. कोठे खड्डा लवकर भरेल आणि मग तो उपसणार कोण, ही भीती असते.

ही शेवटची भीती उपदेशाने जात नाही, माहितीने जाते. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरण्यास सामान्य कुटुंबाला काही वर्षे लागतात. तो भरला, की मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावयाचा. बंद ठेवलेल्या खड्ड्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात खत होते आणि त्याला दुर्गंधी राहत नाही. एका घराने असा खड्डा उघडून शेजाऱ्यांना दाखविला, तर दहा भाषणांचे काम होते. प्रत्येक ढासळलेल्या सवयीमागे एक कडी, एक हंडा किंवा एक अनुत्तरित शंका असू शकते. ती शोधणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

बदलीनंतरची कसोटी

आता अखेरचा मुद्दा. आपणांस अनेक ठिकाणी असे आढळेल की, एखादा तळमळीचा अधिकारी किंवा शिक्षक गावात आला, काम फुलले. त्याची बदली झाली, काम कोमेजले. त्या व्यक्तीच्या निष्ठेविषयी शंका नाही. पण तिचा हुरूप हा गावाचा नेम झाला नव्हता.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करावयाचे आणि हिंगण्याची काही मैलांची वाट पायी तुडवावयाची, पावसाळ्यात चिखलातून जावयाचे, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. ही झाली त्यांची वैयक्तिक निष्ठा. परंतु तेवढ्यावर विसंबून न राहता, संस्थेला वाहून घेणारे कार्यकर्ते घडावेत, म्हणून १९०८ साली त्यांनी निष्काम कर्ममठाची उभारणी केली. आपण नसताना हे काम कोण करील, हा प्रश्न त्यांनी काम ऐन भरात असताना स्वतःला विचारला. हिंगण्याच्या त्या झोपडीतून उभी राहिलेली संस्था आजही स्त्रीशिक्षणाचे कार्य करीत आहे, हे त्या प्रश्नाचे फळ होय.

म्हणून नव्या कामाच्या पहिल्याच दिवशी आणखी दोन माणसे जोडावीत. किल्ली, वही आणि निर्णय या तिन्ही गोष्टी एकाच हाती ठेवू नयेत. महिन्यातून एकदा आपण मुद्दाम अनुपस्थित राहावे आणि काम चालते की नाही, ते पाहावे. चालले नाही, तर खंत न करता काय अडले, ते विचारावे.

येथून परतल्यावर

मित्रहो, या वर्गातून आपण परताल, तेव्हा मनात हुरूप असेल. आठवडाभरात कार्यालयातील टपाल, सभा आणि दौरे यांत तो ओसरू लागेल. त्याआधी एक करा. पाच कामे न निवडता एकच काम निवडा. ते ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यापैकी चार-पाच जणांशी बोलून त्यांची गरज त्यात आहे ना, याची खात्री करून घ्या. ते इतके लहान करा की, अडचणीच्या दिवशीही पार पडावे. त्याला वार, वेळ आणि जागा ठरवून द्या. एक वही किंवा एक फळा सर्वांना दिसेल असा ठेवा. खंड पडल्यास काय करावयाचे, हे आजच लिहून ठेवा. सोबतीला दोघे घ्या. आणि या कामाचे उद्घाटन शक्य तर करूच नका; त्याऐवजी ते वर्षभर चालल्यावर वर्धापनदिन साजरा करा. त्या दिवशी व्यासपीठावर पाहुण्यांच्या शेजारी त्या माणसाला बसवा, ज्याने उन्हाळ्यात रोपांना घागरी घातल्या, ज्या भगिनीने बारा महिने गटाची वही लिहिली, ज्या मुलाने रोज घंटा दिली.

शासन निधी देऊ शकते, मार्गदर्शन देऊ शकते. रोज सकाळी उठून तेच काम पुन्हा करण्याची शक्ती गावाला स्वतःतूनच मिळवावी लागते, आणि ती मिळविण्याची वाट मोकळी करून देणे, हे आपणा सर्वांचे काम आहे. ते आपल्या हातून घडो, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!